मापाला ज्यांचें नांव लाभलें ते लुई हॅरल्ड ग्रे

न्यूटन, वॅट, व्होल्टा हीं मूळचीं माणसांचीं नांवें, हें आमचे विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकतात आणि परीक्षेपर्यंत विसरूनहि जातात. 'ग्रे' हें नांव तर कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या इस्पितळांत रोज उच्चारलें जातें. परंतु तें धारण करणारा पुरुष कसा होता, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून त्यांचें चरित्र येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

लुई हॅरल्ड ग्रे यांचा जन्म लंडनजवळील रिचमंड येथें १० नोव्हेंबर १९०५ रोजीं झाला. घरची स्थिति गरिबीची. आईबापांना हें एकुलतें एक मूल. शिष्यवृत्तीच्या बळावर ते 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' या जुन्या शाळेंत गेले (नांव इस्पितळाचें असलें तरी ती शाळाच!) आणि तेथून १९२४ सालीं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाले. पुढें रदरफर्ड यांच्या देखरेखीखालील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत त्यांना प्रवेश मिळाला. अणूचें अंतरंग उकलण्याचे तेथील ते वैभवाचे दिवस. अशी जागा सोडून १९३३ सालीं ग्रे नॉर्थवुड येथील माउंट व्हर्नन इस्पितळांत पदार्थवैज्ञानिक म्हणून रुजू झाले. कीर्तीचा राजमार्ग टाकून रोग्यांच्या वाटेस लागणें सर्वांस साधत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

त्यांच्यापुढील प्रश्न दिसण्यांत साधा होता. रोग्याच्या देहांत किरणांचा अंश किती मुरला, हें मोजावें कसें? त्या काळीं प्रचलित असलेलें 'रॉंटगेन' हें माप किरणांमुळें हवेंत किती विद्युद्भार सुटतो एवढेंच सांगे. पण रोगी कांहीं हवेचा बनलेला नसतो. ग्रे यांनीं दाखविलें कीं, एखाद्या पदार्थांत वायूनें भरलेली अगदीं लहान पोकळी ठेविली, तर त्या वायूंतील विद्युद्भारावरून सभोंवतालच्या पदार्थानें शोषिलेली शक्ति काढतां येते. ब्रॅग यांना हा विचार पूर्वीं सुचला होता, म्हणून या तत्त्वास ब्रॅग व ग्रे या दोघांचेंहि नांव आहे. पुढें रीड या सहकाऱ्यासह त्यांनीं ब्रॉड बीन नांवाच्या शेंगेच्या कोवळ्या मुळांवर निरनिराळ्या किरणांचा परिणाम तपासला. एका शेंगेच्या मुळापासून मानवी देहाविषयीं ज्ञान मिळवावें, ही त्यांची चिकाटी!

१९५३ सालीं शोषित शक्तीचें 'रॅड' हें माप ठरलें : एक ग्रॅम पदार्थांत १०० अर्ग शक्ति मुरली म्हणजे १ रॅड. ग्रे यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १९७५ सालीं, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें एक किलोग्रॅमास एक ज्यूल या मापास 'ग्रे' हें नांव दिलें. एक ज्यूल म्हणजे एक कोटि अर्ग. त्यास हजार ग्रॅमांनीं भागिलें असतां ग्रॅममागें दहा हजार अर्ग येतात. म्हणून १ ग्रे म्हणजे १०० रॅड.

परंतु मात्रा किती एवढ्यानें भागत नाहीं. ती किती वेळांत दिली हेंहि पाहावें लागतें, कारण मंद गतीनें मिळालेल्या किरणांची इजा पेशी कांहीं अंशीं दुरुस्त करून घेतात. समजा, यंत्र मिनिटास ३० रॅड देतें. तर तें मिनिटास ०.३ ग्रे, आणि तासास ६० पट, म्हणजे १८ ग्रे झालें. उलट, तासास १ मायक्रोग्रे हा वेग वर्षभर राहिला तर वर्षाचे ८,७६६ तास धरून सुमारें ८.८ मिलिग्रे होतात. आमच्या वर्गांत आंकडा बरोबर पण माप न लिहिलेल्या उत्तरास आम्ही शून्य देतों, आणि मुलें कुरकुरतात. त्यांनीं एवढें पाहावें : ४ रॅड सर्व शरीरास मिळाले तर मनुष्यास कांहींहि जाणवणार नाहीं, ४ ग्रे एकाएकीं मिळाले व उपचार झाले नाहींत, तर अशा माणसांपैकीं सुमारें निम्मीं दगावतात. आणि गंमत अशी कीं, त्या ४ ग्रे शक्तीनें पाण्याचें उष्णमान एक अंशाच्या हजाराव्या भागाइतकेंच वाढतें! चहाच्या एका घोटांत त्याहून किती तरी अधिक उष्णता असते; भेद आहे तो ती शक्ति पेशींत कोठें पडते याचा.

१९५३ सालींच ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, प्राणवायूची उणीव असलेल्या पेशी किरणांस फारशा दाद देत नाहींत. कर्करोगाच्या कांहीं गांठी उपचारांस कां जुमानत नाहींत याचें हें एक कारण. त्याच वर्षीं माउंट व्हर्नन येथें नव्या संशोधनसंस्थेचें चालकत्व त्यांच्याकडे आलें, आणि १९६१ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. ९ जुलै १९६५ रोजीं, साठी पुरी होण्यापूर्वींच, ते निधन पावले. ती प्रयोगशाळा पुढें त्यांच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली.

नवें माप आलें तेव्हां रॅडमध्यें विचार करण्यास सरावलेल्या डॉक्टरांची अडचण झाली. त्यांनीं सेंटिग्रे लिहिण्याचा मार्ग काढला. ग्रेचा शंभरावा भाग म्हणजे नेमका एक रॅड, त्यामुळें कागदावरील जुना आंकडा बदलावा लागला नाहीं.