ज्याच्या नावाची कंपनी, त्याच कंपनीत तो मेकॅनिक म्हणून कामाला लागला

टवेरा, बीट, क्रूझ. आपल्या रस्त्यांवर शेव्हरोलेच्या गाड्या बऱ्याच पळाल्या. पण शेव्हरोले हे एका माणसाचं आडनाव आहे, हे किती जणांना माहितीय?

लुई शेव्हरोले. जन्म १८७८ चा, स्वित्झर्लंडमधल्या एका घड्याळजीच्या घरात. सायकली दुरुस्त करता करता गडी १९०० मध्ये कॅनडामार्गे अमेरिकेत पोहोचला आणि रेसिंगमध्ये त्याचं नाव झालं. जनरल मोटर्समधून बाहेर पडावं लागलेल्या विल्यम ड्युरंटने हेच नाव हेरलं. १९११ मध्ये डेट्रॉइटला शेव्हरोले कंपनी सुरू झाली.

पहिली गाडी क्लासिक सिक्स, किंमत २,१५० डॉलर. लुईला अशीच दमदार, महागडी गाडी हवी होती. ड्युरंटला मात्र फोर्डच्या मॉडेल टीला टक्कर देणारी स्वस्त गाडी काढायची होती. वाद वाढला, लुई शेअर्स विकून बाहेर पडला. नाव कंपनीकडेच राहिलं.

पुढे स्वस्त शेव्हरोले तुफान खपली. तिच्या जोरावर ड्युरंटने १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत ताब्यात घेतली.

इकडे लुई फ्रंटेनॅक नावाने रेसिंग कार बनवू लागला. १९२० मध्ये त्याने बनवलेल्या गाडीतून धाकटा भाऊ गॅस्टन इंडियानापोलिस ५०० जिंकला, पण त्याच वर्षी दुसऱ्या रेसमध्ये अपघातात गेला. १९२९ च्या मंदीत लुईचं उरलंसुरलंही बुडालं. शेवटी त्याने शेव्हरोलेच्याच कारखान्यात मेकॅनिकची नोकरी धरली.

१९४१ मध्ये लुई गेला. तोवर कंपनीने लाखो गाड्या विकल्या होत्या, आणि प्रत्येक गाडीवर नाव त्याचंच होतं.