टबभर वाळू आणि पायाखालची वीज

कॅम्पस इंटरव्ह्यूचा मोसम आला की हॉस्टेलच्या कट्ट्यावर काही कंपन्यांची नावं जरा आदबीनंच घेतली जातात. त्यातलं एक श्लंबर्जर. पॅकेजचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ, पण हे आडनाव कुणाचं, असं विचारलं तर मेसमध्ये एकदम शांतता! त्यात २०२२ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव आखडून एसएलबी करून टाकलं. म्हणजे मूळ माणूस आणखी मागे गेला. तर हा लेख त्या माणसाबद्दल, कॉनराड श्लुंबर्जेबद्दल. (फ्रेंच उच्चार साधारण असाच. व्हायवात कुणी विचारणार नाही, काळजी नको.)

कॉनराडचा जन्म २ ऑक्टोबर १८७८ रोजी आल्सेस प्रांतातल्या गेबविलर गावात झाला. आल्सेस तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. घराणं कापड-उद्योगातलं, खाऊन-पिऊन सुखी. वडील पॉल यांना मात्र विज्ञानाचं भारी वेड. मुलं फ्रान्समध्ये शिकली. कॉनराड पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधून बाहेर पडला, खाणशास्त्र शिकला आणि १९०७ साली तिथल्या खाणशास्त्राच्या विद्यालयात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. पक्की नोकरी, वर मानमरातब. आपल्याकडे अशा वेळी घरचे मुलाच्या नावाने पेढे वाटतात आणि विषय संपतो.

इथे तो संपला नाही. खाणी शोधायच्या तर खोदत सुटायचं, हे काही कॉनराडला पटेना. धातूचं खनिज वीज चांगली वाहतं, कोरडा दगड वाहत नाही. मग जमिनीत वीज सोडून वरूनच खालचा अंदाज का घेऊ नये? १९११ च्या सुमारास त्याने विद्यालयाच्या तळघरात तांब्याच्या मोठ्या टबात वाळू भरली आणि तिच्यात करंट सोडून व्होल्टेज मोजायला सुरुवात केली. १९१२ मध्ये हा प्रयोग टबातून शेतात आला. नॉर्मंडीत व्हाल-रिशे नावाची त्याच्या आजोळची इस्टेट होती. तिथे त्याने जमिनीत सळया रोवल्या, बॅटरी जोडली आणि समान व्होल्टेजच्या रेषांचा नकाशा काढला. सगळीकडे एकसारखी माती असती तर त्या रेषा सरळसोट नियमाने आल्या असत्या. त्या जिथे वाकल्या, तिथे खाली काहीतरी वेगळं आहे!

तत्त्व आपल्या पहिल्या वर्षातलंच आहे: ओहमचा नियम. दोन सळयांतून करंट द्यायचा, मधल्या दोन सळयांवर व्होल्टेज बघायचं. बाहेरच्या सळया जसजशा लांब न्याल तसतसा करंट खोल उतरतो आणि खोलवरच्या थरांची खबर आणतो. आजही ही मांडणी श्लुंबर्जेच्याच नावाने शिकवली जाते. भूजल शोधणाऱ्या सर्वेक्षणात ती तुम्ही पाहिलीही असेल.

१९१३ साली सर्बियातल्या बोर इथे त्याने विजेच्या मोजणीवरून तांब्याचं खनिज हुडकून दाखवलं. तिथे तर बाहेरून करंटही दिला नव्हता. खनिज स्वतःच जमिनीत बॅटरीसारखं वागतं, ते व्होल्टेज मोजलं. गाडी रुळावर आली म्हणेपर्यंत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि प्राध्यापक तोफखान्यात गेले. चार वर्षं गेली.

युद्धानंतर वडिलांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेत सर्वांत मोठं वाटतं. नोव्हेंबर १९१९ मध्ये पॉल यांनी कॉनराड आणि त्याचा धाकटा भाऊ मार्सेल यांच्याशी लेखी करार केला आणि पाच लाख फ्रँकपर्यंत भांडवल देऊ केलं. अट अशी की संशोधनाचं हित पैशाच्या हितापेक्षा वर राहिलं पाहिजे. बापाने मुलांना घातलेली ही अट वाचून आपल्यापैकी अनेकांना झीट येईल. १९२३ मध्ये कॉनराडने प्राध्यापकी सोडली. त्याच वर्षी रुमानियात अरिचेश्ती इथे मिठाचा घुमट सापडला, पण पैसा काही धो धो येत नव्हता. १९२६ मध्ये पॉल वारले.

अडचण पद्धतीतच होती. वरून घेतलेल्या एकाच मोजणीला जमिनीखालच्या अनेक रचना लागू पडतात. खरं काय ते कसं कळणार? उत्तर असं की मोजणीच खाली उतरवायची. ५ सप्टेंबर १९२७ रोजी आल्सेसमध्येच, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रातल्या एका विहिरीत, कॉनराडचा जावई आंरी डॉल आणि त्याच्या साथीदारांनी केबलला इलेक्ट्रोड बांधून खाली सोडले. दर मीटरला थांबायचं, वाचायचं, लिहायचं, पुढे सरकायचं, आणि मग सगळे बिंदू हाताने आलेखावर मांडायचे. विहिरीचा तो पहिला विद्युत आलेख. दोन वर्षांत ही पद्धत व्हेनेझुएला आणि सोव्हिएत रशियापर्यंत पोचली. त्या रशियाहून परतत असतानाच ९ मे १९३६ रोजी स्टॉकहोममध्ये कॉनराड वारला. वय ५७.

भूकंप त्याचा विषय नव्हता. पण भूकंपाचं कारण शोधणाऱ्यांना पुढे याच विजेकडे यावं लागलं, कारण खडकातल्या भेगांत दाबाखाली पाणी असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंची घट्ट पकड ढिली पडते. आणि खारं पाणी वीज उत्तम वाहतं. आता दहा किलोमीटर खोल बघायचं तर सळया किती लांब रोवणार? म्हणून तिथे वीज आणि सूर्य यांच्यामुळे पृथ्वीत आपोआप वाहणारे करंट वापरतात. अशा नैसर्गिक प्रवाहांवर कॉनराडनेही काम केलं होतं. त्यांचं नीट गणित रशियात तिखोनोव्हने १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यारने १९५३ मध्ये मांडलं. भूकंप कधी होणार हे यातून कळत नाही. तसं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निघा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली किल्लारी आणि आजूबाजूची गावं मातीच्या ढिगात गेली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. हा भाग तोवर स्थिर समजला जात होता. नंतर तिथे या नैसर्गिक करंटच्या पद्धतीने मोजणी झाली, तेव्हा साधारण ६ ते १० किलोमीटर खोलीवर वीज सहज वाहणारा थर दिसला. कोरड्या, कठीण खडकात हे अपेक्षित नाही. संशोधकांनी त्याचा अर्थ द्रवाने भरलेल्या भेगा असा लावला. कोयनेचं, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं, कोडं धरणाच्या पाण्याशी जोडलेलं. तिथेही अशी सर्वेक्षणं झाली, आणि २०१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल पथदर्शी विहीर पूर्ण करून तिच्यात उपकरणं केबलने खाली सोडली गेली.

किल्लारीला खोदलेली विहीर ६१७ मीटरपर्यंत गेली. वरचे ३३८ मीटर आपला काळा बेसॉल्ट, आणि त्याखाली जुना खडक. तो वाहक थर तिथून आणखी पाच-साडेपाच किलोमीटर खाली आहे. त्याच्यापर्यंत कुणाचा ड्रिल पोचलेला नाही. त्याची खबर आहे ती फक्त वरून घेतलेल्या व्होल्टेजच्या मोजणीत.