याकोव्ह बेन-दोव्ह : हा देश पडद्यावर आणणारे गृहस्थ

योम हाअत्समाउतच्या सुमारास टीव्हीवर जुन्या काळची काळी-पांढरी दृश्ये दाखवतात. याफोच्या बंदरात होडीतून उतरणारी कुटुंबे, फावडी खांद्यावर टाकून निघालेले तरुण खालुत्सीम, वाळूत उभी राहणारी घरे. माणसे लगबगीने, उड्या मारल्यासारखी चालतात म्हणून नातवंडे हसतात. त्या दृश्यांपैकी कित्येक एकाच माणसाने टिपलेली आहेत. त्यांचे नाव याकोव्ह बेन-दोव्ह. हिब्रू चित्रपटाचे जनक म्हणून अभ्यासक त्यांना ओळखतात, पण आपल्या घराघरांतून त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ओळख करून देत आहे.

बेन-दोव्ह यांचा जन्म १८८२ साली आजच्या युक्रेनमधील एका लहान गावी झाला. १९०७ साली ते इथे आले आणि यरुशलेमच्या बेझालेल कलाशाळेत दाखल झाले. बोरिस शात्झ यांनी ही शाळा आदल्याच वर्षी काढली होती. तिथे बेन-दोव्ह छायाचित्रणाकडे वळले, आणि पुढे त्याच शाळेत छायाचित्रणाचा विभाग उभारण्यातही त्यांचा हात होता. आपले दादासाहेब फाळकेही चित्रकलेच्या शाळेतून छायाचित्रणाकडे आणि तिथून सिनेमाकडे गेले. दोघांचा काळ साधारण एकच.

त्यांच्याआधी इथे कोणी चित्रण केले नव्हते असे नाही. फ्रान्सच्या ल्युमिएर कंपनीचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच येऊन गेला होता. १९१३ साली रशियाहून आलेल्या चमूने इथल्या यहुदी वसाहतींवर मोठा चित्रपट काढला. पण ही मंडळी पाहुणी होती, काम झाले की बोटीत बसून परत गेली. बेन-दोव्ह इथेच राहिले, आणि पुढची सारी वर्षे त्यांचा कॅमेरा याच रस्त्यांवर फिरला.

पहिल्या महायुद्धात त्यांना तुर्की सैन्यात भरती व्हावे लागले. यरुशलेममधील ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, त्यामुळे इथे माझे मन थबकते. जखमी माणसाचा फोटो काढणे सोपे नाही. हात स्थिर लागतो, आणि समोरच्या वेदनेकडे पाहूनही नजर हटवायची नसते. त्या शहरात तेव्हा टोळधाड, उपासमार आणि टायफस यांनी माणसे मरत होती. फिल्म आणि रसायने बाजारात मिळणे कठीण, पण या नोकरीमुळे ती बेन-दोव्ह यांच्या हाती येत. त्यांतूनच त्यांनी तुर्की राजवटीचे शेवटचे दिवस टिपून ठेवले.

११ डिसेंबर १९१७ रोजी, हनुकाच्या दिवसांत, जनरल ॲलनबी याफो दरवाज्यातून पायी चालत यरुशलेममध्ये शिरले. बेन-दोव्ह कॅमेरा घेऊन तिथे होते. काल ज्या सैन्यात नोकरी केली त्याच्या पराभवाचे चित्रण आज करायचे, अशी ती वेळ. पुढच्या वर्षी त्यांचा 'येहूदा हामेशुहरेरेत', म्हणजे मुक्त झालेला यहुदा, हा चित्रपट तयार झाला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे त्यांच्या कामाची. १९२० साली पहिले ब्रिटिश हाय कमिशनर सर हर्बर्ट सॅम्युएल आले, ती दृश्ये त्यांच्या 'शिवत सियोन' या चित्रपटात आहेत. १९२४ साली 'बानीम बोनीम' आला. मुलगे आणि बांधणारे या दोन हिब्रू शब्दांचा मेळ त्याच्या नावात आहे. या फिल्मांत कथा नसे, नट-नट्या नसत. मिरवणुका, शाळा, कारखाने, नवी गावे, आणि मधून मधून समजावणाऱ्या पाट्या. मुंबईला सिनेमा सुरू होण्याआधी आपण फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील पाहायचो, तशीच, फक्त आवाजाशिवाय.

तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपली जात. पुढे यंत्रे चोवीस चित्रांच्या गतीने चालू लागली, आणि जुनी फिल्म त्यांच्यावर लावली की माणसे धावताना दिसतात. नातवंडांच्या हसण्याचे कारण एवढेच.

या चित्रपटांचा उपयोग मुख्यतः परदेशात होत असे. केरेन कायेमेत आणि केरेन हायेसोद या संस्थांसाठी बेन-दोव्ह काम करत. युरोप-अमेरिकेतील यहुदी लोकांना देश दाखवायचा आणि निधी जमवायचा, हा हेतू. केरेन कायेमेतच्या निळ्या डब्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत, तशीच ही पडद्यावरची निळी डबी म्हणा. त्यामुळे या फिल्मांत सगळे कसे उजळ असते. दलदलीच्या भागातील वसाहतींना मलेरियाने किती छळले हे आम्हां परिचारिकांना शिकावे लागले, पण तापाने फणफणलेला खालुत्स पडद्यावर सहसा येत नाही. शेजारच्या अरब गावांचे जीवनही फारसे दिसत नाही. हा दोष एकट्या बेन-दोव्ह यांचा नव्हे. पैसे देणाऱ्याला जे हवे तेच काढावे लागे.

१९२८ साली केरेन हायेसोदने 'अव्हीव बेएरेत्स यिस्राएल' हा चित्रपट काढला. त्यात चित्रण बेन-दोव्ह यांचे, पण दिग्दर्शक म्हणून नाव दुसऱ्याचे. मग बोलपट आले आणि मूक वार्तापटांचे दिवस संपले. तिसाव्या दशकाच्या पूर्वार्धात बेन-दोव्ह यांनी आपला सारा चित्रसंग्रह बारूख अगदाती यांना विकला आणि चित्रपटाचे काम सोडले. अगदातींनी भावाबरोबर वार्तापट सुरू केले, आणि १९३५ साली 'झोत ही हाआरेत्स' हा बोलपट काढला. बेन-दोव्ह यांची दृश्ये अशी इतरांच्या चित्रपटांत मिसळत गेली, आणि त्यांच्यावरचे नाव पुसले गेले.

शिवाय ती फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी, आणि नाही पेटली तरी वर्षांनी चिकट होऊन भुगा होणारी. त्यामुळे त्यांच्या कामातले बरेचसे तुकड्यांतच उरले आहे. पुढे अभ्यासकांनी हे तुकडे शोधून ओळखले. हिब्रू विद्यापीठाच्या स्पीलबर्ग चित्रसंग्रहामुळे यातले काही आता आपल्यालाही पाहता येतात.

बेन-दोव्ह १९६८ साली वारले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इस्राएलच्या टीव्हीवर स्वातंत्र्यदिनाचे संचलन यरुशलेमहून दाखवले गेले. आपल्यातील कित्येकांनी ते शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिले असेल.