कारेनबाईंची वही



आज ज्यांची ओळख करून देतो त्या संत नाहीत, कॅथलिकही नव्हत्या. पण आर्मेनियन लोकांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

कारेन येपे १८७६ साली डेन्मार्कमधील ग्युलिंग गावी एका शिक्षकाच्या घरी जन्मल्या व स्वतः शिक्षिका झाल्या. तुर्की साम्राज्यात आर्मेनियन ख्रिस्ती लोकांच्या झालेल्या कत्तलींविषयी त्यांनी एका व्याख्यानात ऐकले आणि १९०३ साली उर्फा शहरात अनाथ मुलांना शिकवायला गेल्या. १९१५ साली त्याहून मोठा संहार झाला. पुरुषांना ठार करून बायकामुलांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आले. वाटेत हजारो मुली पळवल्या गेल्या, विकल्या गेल्या, परक्या घरांत आणि तंबूंत बायको किंवा मोलकरीण म्हणून राहिल्या. बाईंनी आपल्या घराच्या जमिनीखाली माणसे लपवली. १९१८ साली प्रकृती पार ढासळल्याने त्यांना मायदेशी परतावे लागले.

१९२१ साली त्या पुन्हा आल्या, या वेळी आलेप्पोला. राष्ट्रसंघाने पळवलेल्या स्त्रिया व मुले सोडवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले होते. बाईंनी आश्रयगृह उघडले, वाळवंटाच्या कडेला ठाणी बसवली. कोणी रात्री पळून येई, कोणाला त्यांची माणसे शोधून आणत. अनेकींच्या चेहऱ्यावर टोळीच्या रिवाजाचे निळे गोंदण असे. काहींची मुले मागे तंबूतच असत, म्हणून सुटका म्हणजे निव्वळ आनंद असे समजू नये.

येणाऱ्या प्रत्येकीची वहीत नोंद होई: नाव, आईबापांचे नाव, गाव, काय घडले ते, आणि फोटो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘व्यक्ती म्हणजे काय’ यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. मला वाटते, त्याचे उत्तर या वहीत अधिक स्पष्ट आहे. जिला नव्या घरात नवे नाव मिळाले होते, तिला इथे प्रथम आपले नाव विचारले जाई. मग नातेवाइकांचा शोध सुरू होई. कोणी न सापडल्यास भरतकाम, शिवणकाम शिकवून तिला पायावर उभे करीत.

१९२७ साली राष्ट्रसंघाची मदत थांबली, पण बाई थांबल्या नाहीत. एका बदाऊन शेखशी मैत्री करून त्याच्या जमिनीवर त्यांनी निर्वासितांची शेतवस्ती वसवली. सुमारे दोन हजार जणांची त्यांनी सुटका केली. ७ जुलै १९३५ रोजी आलेप्पो येथे मलेरियाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नोंदवह्या जिनिव्हा येथे जपून ठेवल्या आहेत.