लक्ष्मीबाई टिळकांस आलेलें पाचारण

प्रभु आपल्या सेवेसाठीं पंडितांसच पाचारण करितो असें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचें चरित्र याची साक्ष देतें.

नासिकजवळील जलालपूर येथें १८६८ सालीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुतलें जाई. शाळा त्यांस ठाऊक नव्हती; बालवयांत लग्न झाल्यावर पतीनेंच अक्षरें शिकविलीं. त्याच पतीनें, कवि नारायण वामन टिळकांनीं, १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें विरहांत गेलीं. पुढें मुलासह त्या पतीकडे परतल्या. तरी स्वयंपाकपाणी वेगळेंच ठेविलें. जातिभेद देवानें नव्हे, माणसानें केला, हें स्वतःच्या मनास पटलें तेव्हांच त्यांनीं तो टाकिला आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. मग निराधार मुलें, जात न विचारतां, त्यांच्या पंक्तीस जेवूं लागलीं.

१९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं ६४ अध्याय रचून पुरें केलें. त्यांचें आत्मचरित्र 'स्मृतिचित्रें' मराठीचें भूषण ठरलें. १९३६ सालीं त्या प्रभुवासी झाल्या.

पुसदच्या विद्यार्थिमित्रांनो, पाचारण ऐकूं येण्यास विद्वत्ता लागत नाहीं. आपली चूक दिसतांच ती सोडण्याचें धैर्य मात्र लागतें.