धुळीत ढगाचे बीज शोधणारे जॉन एटकिन

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर उतरणारा प्रत्येक ढग असंख्य अदृश्य कणांच्या आधाराने जन्माला येतो. समुद्राच्या तुषारांतील मीठ, उडालेली माती, धूर, गंधकाची संयुगे यांचे हे कण हवेत नसतील, तर बाष्पाला थेंबाचे रूप घेण्यासाठी आधारच उरत नाही. हे सत्य प्रयोगाने प्रस्थापित करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकिन यांनी आयुष्यात कधी विद्यापीठातील पद भूषवले नाही.

१८ सप्टेंबर १८३९ रोजी फॉलकर्क या गावी त्यांचा जन्म झाला. ग्लासगो विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यात उमेदवारी केली. सागरी अभियंता होण्याचे त्यांचे स्वप्न होते; परंतु ऐन उमेदीत प्रकृती ढासळली आणि तो व्यवसाय सोडावा लागला. एटकिन यांनी मग राहत्या घरातच प्रयोगशाळा थाटली. कारखान्यात कमावलेले हस्तकौशल्य येथे उपयोगी पडले. लागणारी बहुतेक उपकरणे ते स्वतः घडवीत.

१८८० च्या सुमारास त्यांनी केलेला प्रयोग अगदी साधा होता. काचेची दोन मोठी पात्रे घेतली. एकात खोलीतील नेहमीची हवा ठेवली, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली. दोन्हींत वाफ सोडताच पहिले पात्र पांढऱ्या धुक्याने भरून गेले. दुसरे मात्र पारदर्शकच राहिले. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की धूलिकण नसते तर धुके नसते, ढग नसते आणि बहुधा पाऊसही नसता. हवेतील जादा बाष्प झाडांवर, भिंतींवर, माणसांच्या कपड्यांवर थेट साचत राहिले असते. फ्रान्समध्ये कूलिए यांनी १८७५ मध्ये असेच निरीक्षण नोंदवले होते. परंतु त्याचा वातावरणाशी असलेला संबंध सखोलपणे तपासण्याचे श्रेय एटकिन यांच्याकडे जाते.

याच प्रयोगांत आणखी एक बारकावा त्यांच्या नजरेस आला. कण विपुल असतील तर बाष्प अनेकांत वाटले जाते. थेंब इतके लहान होतात की ते खाली पडतच नाहीत. कण मोजकेच असतील तर थेंब मोठे होतात आणि पावसासारखे झरतात. जळत्या गंधकातून असे कण मोठ्या प्रमाणात निर्माण होतात, हेही त्यांनी दाखवले. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या ब्रिटिश शहरांसाठी तो निष्कर्ष महत्त्वाचा होता.

पुढे त्यांनी कण मोजण्याचे यंत्रच तयार केले. हवेचा लहानसा नमुना बाष्पाने भरून पंपाने एकदम प्रसरण पावू दिला, की प्रत्येक कणाभोवती थेंब बनतो. चौकटी आखलेल्या चांदीच्या पत्र्यावर पडलेले हे थेंब भिंगातून मोजायचे. हे यंत्र घेऊन ते आल्प्समधील रिगी शिखरावर गेले, पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरही चढले. बेन नेव्हिस या स्कॉटिश शिखरावरील वेधशाळेतही त्यांच्या यंत्राने मोजणी झाली. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, तर १९१७ मध्ये रॉयल पदक. १४ नोव्हेंबर १९१९ रोजी फॉलकर्क येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर अर्ध्या शतकाने, १९७० च्या दशकात, शॉन ट्वोमी यांनी त्या जुन्या निरीक्षणाला गणिती रूप दिले. पाणी तेवढेच, पण थेंब अधिक आणि लहान. अशा वेळी ढग अधिक उजळ होतो आणि अधिक सूर्यप्रकाश परत पाठवतो. म्हणजेच प्रदूषणाचे कण पृथ्वीला काही प्रमाणात थंड ठेवतात. आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, हरितगृह वायूंमुळे झालेल्या तापमानवाढीपैकी शून्य ते ०.८ अंश सेल्सियस इतकी वाढ मुख्यतः अशा कणांनी झाकून ठेवली आहे.

ही एवढी रुंद मर्यादाच खरी अडचण सांगते. जागतिक संगणकीय प्रारूपांत पृथ्वीचे वातावरण साधारणतः शंभर किलोमीटर रुंदीच्या चौकटींत विभागलेले असते. ढगातील थेंब मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. त्यामुळे कण किती, त्यातून थेंब किती, पाऊस केव्हा, हे सारे सूत्रांच्या आधारे अंदाजावे लागते. या प्रारूपांत अतिसूक्ष्म कणांच्या एका गटाला आजही एटकिन यांचेच नाव आहे.

प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. हवा स्वच्छ करणे लाखो लोकांच्या फुप्फुसांसाठी अनिवार्य आहे. पण कणांचे आवरण विरळ होताच झाकलेली उष्णता उघडी पडते. जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा २०२० मध्ये ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली, तेव्हापासून समुद्रावरील ढगांचा अभ्यास अधिक बारकाईने सुरू आहे. भारतातही पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानांतून ढग आणि कणांची मोजणी केली. महाबळेश्वरला तिची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. मॉन्सूनवर विसंबलेल्या प्रदेशाला ही मोजणी टाळता येणार नाही. सूत्रे कितीही प्रगत झाली, तरी त्यांची परीक्षा अखेर हवेतील प्रत्यक्ष कणांवरच होते, आणि ते मोजण्याची शिस्त एटकिन यांनी घालून दिली आहे.