शंभरचा नाद लागलेला कारकून

१ ते ९ आकडे ओळीनं लिहा. क्रम बदलायचा नाही. मधे फक्त अधिक-वजाची चिन्हं टाकायची, हवे तिथं शेजारचे आकडे जोडायचे आणि उत्तर आणायचं १००. ॲप्टिट्यूड टेस्टची तयारी करणाऱ्यांना हे कोडं कुठेतरी भेटलेलं असणारच. अशी कोडी घराघरांत पोचवणाऱ्यांत मोठं नाव म्हणजे हेन्री अर्नेस्ट ड्युडनी.

जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात, मेफिल्ड गावी. आजोबा मेंढपाळ, मेंढ्या राखता राखता स्वतःच गणित शिकलेले. ड्युडनी १३व्या वर्षीच सरकारी नोकरीत कारकून म्हणून चिकटले. कॉलेज कधी पाहिलंच नाही. बुद्धिबळाच्या नादातून कोडी रचू लागले, तीही ‘स्फिंक्स’ या टोपणनावानं.

अमेरिकेतला प्रसिद्ध कोडेकार सॅम लॉइड याच्याशी त्यांची दोस्ती जमली, कोड्यांची देवाणघेवाण सुरू झाली. पण लॉइड आपली कोडी स्वतःच्या नावावर खपवतो, असा आरोप करून ड्युडनींनी संबंध तोडले. क्रेडिटचं भांडण काही आजचं नाही!

मग ते स्वतःच्या नावानं उभे राहिले. १९०७ मध्ये ‘द कँटरबरी पझल्स’ आलं. शेरलॉक होम्स ज्या ‘स्ट्रँड’ मासिकात गाजला, तिथं १९१० पासून त्यांचं सदर सुरू झालं. १९१७ च्या ‘अम्यूझमेंट्स इन मॅथेमॅटिक्स’मध्ये हे शंभरचं कोडंही आहे.

ते सोडवायचं कसं? अंदाजपंचे चिन्हं टाकत बसू नका. आधी सगळीकडे अधिक टाका : १२+३+४+५+६७+८+९ = १०८. जास्तीचे झाले ८. एखादी संख्या अधिकची वजा केली की उत्तर तिच्या दुपटीनं घटतं. म्हणून ८ चे निम्मे, ४, वजा करा. झाले १००! नुसत्या अधिकनं मात्र जमणारच नाही. १ ते ९ ची बेरीज ४५, त्यामुळे आकडे कसेही जोडा, एकूण ९च्याच पटीत येतं. १०० त्या पटीत नाही. अंकांच्या बेरजेची ही युक्ती ड्युडनी सर्रास वापरत.

१९३० मध्ये लुईस गावी ते गेले. ‘स्ट्रँड’चं सदर त्यांनी शेवटपर्यंत चालवलं.

आता फक्त तीन चिन्हांत १०० करून बघा. सुरुवात १२३ नं करा. सगळं अधिक धरलं तर ३२४ होतात. जास्तीचे किती, त्याचे निम्मे किती? पुढचं तुमचं तुम्हीच.